अंबाजीची फुली

अंबाजी बोर्डाचा मेंबर झाला तेव्हा मेंबर म्हणजे नेमकं काय, हे आंबेखारात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. अंबाजीलाही नव्हतं. अलिबागला एक कचेरी आहे, रस्ते, विहिरी आणि धक्के कुठे बांधायचे ते तिथे ठरतं, आणि तिथल्या खुर्चीवर आपल्या गावचा माणूस आजवर कधी बसलेला नाही, एवढंच त्याला कळलं होतं. नागावचे ओक वकील स्वतः होडीत बसून आले आणि म्हणाले, "अंबाजी, तू सारा भरतोस, तुला उभं राहायचा हक्क आहे. उभा राहा." तो उभा राहिला. आजूबाजूच्या खारपट्टीतल्या मतदारांनी अधिकाऱ्यापुढे जाऊन त्याचं नाव तोंडाने सांगितलं, कारण लिहिता येत नसलेल्यांची मतं तशीच घेत. अंबाजी निवडून आला. ते एकोणीसशे बत्तीस साल.

आंबेखार हे रेवदंड्याच्या खाडीच्या आतल्या अंगाला वसलेलं गाव. मागे खाडी अडवून केलेल्या खाजणातली भातशेती, मधे मिठागरं, पुढे चिखल. गाडीरस्ता नव्हताच. येणं-जाणं होडीने, आणि होडी काठाला लागायची ती फक्त भरतीला. ओहोटी झाली की पाणी आणि गाव यांच्यामध्ये मांडीभर चिखलाचा पट्टा उघडा पडे. डोक्यावर मिठाच्या गोणी घेऊन बाया त्या चिखलातून होडीपर्यंत जात. म्हाताऱ्यांना पाठुंगळी न्यावं लागे. गावाला एक दगडी धक्का हवा होता, ओहोटीच्या पाण्यापर्यंत पोचेल एवढा लांब. बोर्डाकडून गावाची दुसरी काही अपेक्षा नव्हती.

हा धक्का गावापेक्षाही करमअलीला जास्त हवा होता. करमअली रेवदंड्याचा. त्याच्या बापापासून त्यांचा मचवा आंबेखारचं मीठ मुंबईला नेत असे. त्याची बायको फिरोजा माहेराहून भरल्या दिवसांची परत येत असताना होडीतच तिला कळा सुरू झाल्या. जवळची सुईण म्हणजे आंबेखारची सोनाबाई, म्हणून होडी तिकडे वळवली, आणि ती चिखलात रुतली. गाव समोर दिसत होतं. हाका ऐकू येत होत्या. अंबाजी दोर घेऊन होडी ओढायला धावला, सोनाबाई कमरेपर्यंत रुतत पुढे सरकत होती. पण ती पोचेपर्यंत फिरोजाही गेली होती आणि पोटातलं पोरही. त्या दिवसापासून करमअली अंबाजीला 'भाऊ' म्हणू लागला. आणि पुढे मुसलमानांच्या राखीव जागेवर तोही बोर्डाचा मेंबर झाला.

आता अध्यक्ष निवडायचा होता. तो लोक निवडत नसत, मेंबर निवडत. एका बाजूला ओक वकील, दुसऱ्या बाजूला एक रावबहादूर. खाडीवर धक्का म्हणजे पाण्यात दगड टाकणं, असं रावबहादूर उघड म्हणत. ओक वकील म्हणाले, "मला अध्यक्ष करा, पहिला दगड आंबेखारचा."

गावकीचा प्रमुख हिरामण हा मोठा संशयी माणूस. तो म्हणाला, "तोंडानं व्हय म्हनून चालनार न्हाय. दोघांनी मिठावर हात ठेवा."

आंबेखारात शपथ मिठावर होई. ताज्या राशीवर पंजा दाबायचा, आणि पंजा उमटला तिथलं मीठ चिमूटचिमूट घराघरांतल्या कालवणात जायचं. म्हणजे शब्द एकाचा, पण तो सगळ्या गावाच्या पोटात गेलेला. शब्द मोडणाऱ्याचं 'मीठ तुटलं' असं म्हणत. त्याच्याशी देणंघेणं बंद, पाणीसुद्धा बंद.

अंबाजीने पंजा दाबला. करमअलीनेही बाही सरसावली.

"हिरामणदादा," तो म्हणाला, "तुमचं एवढं मीठ वाहिलंय की माझा मचवा पावसात पाझरतो. अजून शपथ कशाला पायजे?"

"मचव्याचा भरवसा हाय रे," हिरामण म्हणाला, "मालकाचा बघायचाय."

सगळे हसले. करमअलीही हसला आणि त्याने पंजा दाबला, बोटं पसरून, खोल.

मतदानाच्या आदल्या दिवशी ओक वकिलांनी आपल्या बाजूच्या मेंबरांना नागावला घरी बोलावलं. पडवीत गर्दी होती, आत चहाची धांदल होती. वकिलांनी एक कागद वर धरला. "असा कागद मिळेल. त्यावर दोन नावं. वरचं माझं, खालचं रावबहादुरांचं. पेन्सिलीने फुली मारायची, घडी घालायची, पेटीत टाकायची. आणि एक ध्यानात ठेवा, आपला कागद कुठल्याही कारकुनाच्या हातात देऊ नका. तिथे सगळी त्यांची माणसं आहेत. कळलं?"

"कळलं," सगळे म्हणाले. अंबाजीही म्हणाला. फुली कोणापुढे मारायची हे वकिलांनी सांगितलं नाही, कारण ते सांगायला लागेल असं त्यांना वाटलं नाही. आणि अंबाजीने विचारलं नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नाही. मिठाच्या राशीत चिखल सापडला की सरकारी शिपाई काठीने त्या राशीवर फुली ओढत असे. ती रास बाद, मोडून खाडीत ढकलायची. जन्मभर त्याने फुलीचा हा एकच अर्थ पाहिला होता. ज्याच्यावर फुली पडली तो गेला.

दुसऱ्या दिवशी अलिबागच्या कचेरीत प्रांतसाहेब बसले होते. टेबलाशी कारकुनाने विचारलं, "लिहिता-वाचता येतं ना? येत नसेल तर साहेबांना सांगा, ते तुमचं मत लिहून घेतील."

"येतं," अंबाजी म्हणाला.

पडद्याआड एक मेज होतं, त्यावर दोरीने बांधलेली पेन्सिल. अंबाजीने कागद सरळ धरलाय की उलटा, हे वरच्या बाजूच्या सरकारी शिक्क्यावरून ताडून पाहिलं. वरचं नाव आपलं. खालचं त्यांचं. त्याने वरच्या नावाला बोटसुद्धा लागू दिलं नाही. खालच्या नावासमोर दोन रेघा ओढल्या, चांगल्या जाड. त्याला फिरोजाची होडी आठवली. त्याने पुन्हा एकदा त्याच रेघा गिरवल्या, पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत.

रावबहादूर एका मताने निवडून आले.

ओक वकिलांनी आपली माणसं मोजलेली होती. त्यांच्या हिशेबाने तेच एका मताने निवडून यायला हवे होते. म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी एक फुटला. कचेरीच्या आवारात पांगाऱ्याखाली ते एकेकाच्या तोंडाकडे पाहत उभे राहिले. कागदावर नाव नसतं. तोंडावरून काय कळणार?

आंबेखारला होडी लागली तेव्हा सगळं गाव काठावर होतं. हिरामणने विचारलं, "अंबाजी, तू काय केलंस?"

"मी माझ्या हातानं रावबहादुराचं नाव मोडलं," अंबाजी म्हणाला. "पेन्सील मोडली, पन नाव मोडलं."

लोकांनी मान डोलावली. रागाचं बोलणं आहे, दुसरं काय. त्या वाक्यात सगळं सांगून झालं होतं, पण ऐकणाऱ्यांपैकी एकानेही आयुष्यात मतपत्रिका पाहिली नव्हती. फक्त होडीच्या पुढच्या टोकाशी, नाळेवर बसलेल्या करमअलीने मान वळवून अंबाजीकडे पाहिलं. तो मराठी चौथी शिकलेला होता. त्याने तोंड उघडलं, पण तेवढ्यात हिरामण म्हणाला, "आन तू रं, करमअली?"

"मी काय? मी ओकसाहेबांना मत दिलं. अल्लाकसम."

"शपथ मिठाची घेतली व्हतीस. आता अल्लाची घेतोस?"

तिथून गोष्ट घसरली. रावबहादुरांच्या वाडीतले नारळ गेल्या महिन्यात करमअलीच्याच मचव्यातून मुंबईला गेले, हे कुणाला तरी आठवलं. रावबहादुरांचा दिवाणजी त्याच्याशी बंदरावर हसत बोलताना कुणी पाहिला होता. मचवेवाला माणूस कुणाचाही माल नेणार आणि कुणाशीही बोलणार, पण त्या दिवशी काठावर हा विचार करायला कुणाला सवड नव्हती. अंबाजी आपला, रक्ताचा. करमअली पैलाडचा, दुसऱ्या जातीधर्माचा. गावाने निवड करायला पळभरही घेतलं नाही.

"त्याची बायको त्या चिखलात मेली रे," अंबाजीची बायको आवडाबाई एवढं म्हणाली. "तो कसा इकंल धक्का?"

"म्हनून तर," हिरामण म्हणाला. "आपल्या मेलेल्या बायकोला इकनारा मानूस केवढा मोठा हरामी आसंल, इचार कर."

आणि अंबाजीनेही तसाच विचार केला. इतरांपेक्षा जास्त केला. कारण गावाला धक्का गेल्याचा राग होता, अंबाजीला भाऊ गेल्याचा.

करमअलीचं मीठ तुटलं. आंबेखारचं मीठ त्याच्या मचव्यात चढेना. बाया त्याच्या होडीत बसेनात. मीठ नेण्याचं काम हिरामणने आपल्या पुतण्याला, कान्हाला मिळवून दिलं. करमअली अंबाजीच्या दाराशी आला. ओटीवर चढला नाही, अंगणातच उभा राहिला.

"अंबाजीभाऊ, एक गोष्ट विचारायचीय."

अंबाजी मिठाच्या फावडीला दांडा बसवत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"एकच गोष्ट. रागावू नका. तुम्ही कागदावर..."

"आवडे," अंबाजी मोठ्याने म्हणाला, "दार लाव. कुत्री शिरतात."

आवडाबाई उंबऱ्यात घुटमळली. मग तिने दार लावलं.

करमअली पुन्हा आला. तेव्हा अंबाजी घरात असून नाही म्हणाला. तिसऱ्या वेळी तो मिठागरावर आला, तर अंबाजी बांधावरून उतरून भर पाण्यात चालत दुसऱ्या टोकाला निघून गेला. करमअली बांधावरून परत फिरला. मग त्याने मचवा विकला आणि मुंबईला जाऊन आगबोटीवर खलाशी म्हणून लागला. जाताना गावातल्या कुणी त्याला पाहिलं नाही. तो गेल्याचं कान्हाने आणलेल्या बातमीवरून कळलं, आणि गावाला बरं वाटलं.

बोर्डाची मुदत संपून पुन्हा निवडणूक आली. या वेळी मतदार वाढले होते, आणि लिहिता येत नसलं तरी ज्याने-त्याने आपल्या हाताने खूण करावी असं ठरलं होतं. रावजी मास्तर गावोगाव फिरून लोकांना शिकवत होते. आंबेखारच्या शाळेत त्यांनी फळ्यावर नावांच्या जागी चित्रं काढली: एक बैल, एक होडी, एक माड. अंबाजी जुना मेंबर म्हणून पुढे बसला होता, चटईवर, पाठ ताठ करून.

"आता समजा, मला होडी पायजे," मास्तर म्हणाले. "तर मी काय करनार? होडीपुढं फुली मारनार. अशी."

"मास्तर, चुकलात," अंबाजी म्हणाला. "बैलावर मारा, माडावर मारा. होडी पायजे ना तुमाला?"

"पायजे ना. म्हनूनच होडीवर."

"फुली मारली म्हंजे बाद झाली ना ती?"

मागे बसलेली माणसं हसली. "अरे मेंबर," कुणीतरी म्हणालं, "मेंबर व्हतास ना तू?"

मास्तरांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "न्हाय हो अंबाजीबाबा. इथं फुली म्हंजे पसंत. पायजे त्याच्यापुढं फुली. दुसरं काय करायचं न्हाय."

अंबाजी फळ्याकडे पाहत राहिला. होडीच्या चित्रापुढे खडूची फुली होती. मागे हसणं चालूच होतं, मास्तर पुढचं सांगत होते. तो उठला, आणि बसलेल्या लोकांच्या अंगावरून कसाबसा वाट काढत बाहेर गेला.

तो सरळ हिरामणकडे गेला. "गावकी बसव," म्हणाला. "मी फुटलो. करमअली न्हाय. मी."

हिरामणने सगळं ऐकून घेतलं, पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि मग आवाज खाली आणला. "हे कुनाला बोललास?"

"अजून कुनाला न्हाय."

"बोलू पन नको. लोक काय म्हनतील, ठाव हाय? म्हनतील, अंबाजीनं पैसे खाल्ले आन आता फुलीचं निमित काढतो. दुदखुळ्या पोराला कळतं ते मेंबराला कळलं न्हाय, कोन मानील?"

"मानू दे न्हायतर न मानू दे. करमअलीचं मीठ जोडायला पायजे."

"कशाला? त्याचा मचवा गेला. काम कान्हाकडं हाय. कान्हाचं लगीन त्या कामावर झालं. आता करमअली चांगला व्हता म्हनलं, तर काम त्याला परत द्यायचं? तो कुठं हाय, आन द्यायचं कोनाला?"

गावकी तरीही बसली, कारण अंबाजी उठेना. त्याने उभं राहून सांगितलं. कुणी हसलं, कुणी खाली पाहिलं. कान्हा म्हणाला, "मामा, तुमाला त्याची दया येते, ते कळतंय आमाला. जुना दोस्त. पन त्याच्यासाठी आपल्या तोंडाला काळं कशाला लावताय?" लोकांना ते पटलं. अंबाजी भला माणूस, मित्रासाठी खोटं बोलतोय. गावाच्या नजरेत त्याची किंमत उलट वाढली. तो ओरडला, "आरं, माझं मीठ तोडा!" पण मीठ तोडायला कुणी तयार झालं नाही.

मग तो नागावला गेला. ओक वकील आता रावबहादुरांच्याच बाजूने उभे होते. दोघांत समझोता झाला होता. त्यांनी अंबाजीला ओळखलं, पडवीत बसवलं, गोष्ट ऐकली आणि पोट धरून हसले.

"म्हणजे तू होतास होय? अरे, आणि मी त्या बिचाऱ्या करमअलीला..." त्यांनी डोळे पुसले. "असो. झालं ते झालं."

"साहेब, एकदा गावात येऊन सांगा. तुमचं ऐकतील."

"आता ते उकरून काय मिळणार?"

"धक्का गेला साहेब, माझ्यापायी."

वकील थोडे गंभीर झाले. त्यांना वाटलं, याचं मन हलकं करावं. "हे बघ, त्याचा घोर लावून घेऊ नकोस. तो धक्का होणारच नव्हता. ओव्हरसियरने आधीच नापास केला होता. चिखलात पाया धरत नाही तिथे. मी अध्यक्ष झालो असतो तरी झाला नसता."

"मंग तुमी गावात येऊन..."

"निवडणुकीत बोलावं लागतं, अंबाजी."

अंबाजी उठला. रेवदंड्याला करमअलीची थोरली बहीण बिल्किस राहत असे, भावाच्याच घरात. माडांच्या वाडीत, खाली सोपा, वर कौलं. तिने त्याला दारातच ओळखलं आणि दारातच उभं केलं.

"बोला."

त्याने सांगितलं. चौथ्यांदा सांगताना त्याला ते नीट, ओळीने सांगता आलं. कागद, वरचं नाव, खालचं नाव, फुली.

बिल्किस म्हणाली, "ते त्याला ठाऊक होतं."

"कुनाला?"

"करमला. होडीतून घरी आला त्याच दिवशी म्हणाला, आपा, अंबाजीभाऊंनी उलटी फुली मारली. नाव मोडलं म्हणाले, म्हणजे नक्की त्याच्यावरच मारली. चारचौघांत बोललो तर त्यांचं हसं होईल, एकटं गाठून विचारतो. गेला होता ना तुमच्याकडे विचारायला?"

उत्तराची वाट न पाहता तीच म्हणाली,

"तुम्ही दार लावलंत."

"त्याचा पत्ता द्या, बिल्किसबाय. मी मुंबईला जातो. पाय धरतो त्याचे."

"पत्ता?" ती म्हणाली. "गेल्या सालच्या रमजानात कंपनीचा माणूस त्याची पेटी आणून देऊन गेला. एडनच्या पुढे तापाने गेला. दर्यातच सोडला म्हणे त्याला." तिने पदर सारखा केला. "तुमच्या गावात सांगितलंत?"

"सांगितलं. कुनी मानत न्हाय."

"मग मला कशाला सांगायला आलात? मला कोणी सांगायची गरज नव्हती."

तिने दार आपटलं नाही, सावकाश लोटून घेतलं. अंबाजी वाडीच्या तोंडाशी येऊन थांबला. कुठे जायचं ते त्याला सुचेना.

त्यानंतर काही वर्षं तो भेटेल त्याला सांगत राहिला. मीठ भरायला आलेल्या हमालांना, देवदर्शनाला आलेल्या पाहुण्यांना, गावात नव्या आलेल्या सुनांना. लोक ऐकून घेत. सांगून-सांगून गोष्ट गुळगुळीत झाली. लोकांना ती तोंडपाठ झाली, आणि पाठ झालेलं कुणी ऐकत नाही. म्हातारा झाला, आता असाच बोलणार, असं म्हणून आवडाबाई पाहुण्यांपुढे पाणी ठेवी.

तोवर गावात एक नवा शब्द रुळला होता. कुणी कबूल करून आला नाही, कुणी सोयरीक ठरवून मोडली, की लोक म्हणत, "करमअली केला त्यानं." ज्यांनी करमअलीला पाहिलंही नव्हतं ती पोरंसुद्धा खेळात म्हणत, "ए, करमअली नको करू!" आधी अंबाजी हे ऐकलं की अंगावर धावून जाई. "त्याचं नाव घेऊ नका!" म्हणून काठी उगारी. पोरं पळत आणि लांबून पुन्हा ओरडत. मग तो धावेनासा झाला.

पंचेचाळीस सालच्या उन्हाळ्यात एका व्यापाऱ्याने मीठ न्यायचा शब्द दिला आणि ऐन वेळी दुसऱ्या गावचं उचललं. मळभ आलं होतं, राशी उघड्या पडल्या होत्या, पावसाचा नेम नव्हता. व्यापाऱ्याचा माणूस, गोदू, कसनुसं हसत निरोप घेऊन बांधावर आला. अंबाजीने त्याच्या छातीला बोट लावलं आणि सगळ्या मिठागराला ऐकू जाईल असा ओरडला,

"शब्द देऊन करमअली करता काय रे आमच्याशी?"

राशी झाकणाऱ्या बायांनी हात थांबवून त्याच्याकडे पाहिलं. अंबाजीने गोदूच्या छातीवरचं बोट मागे घेतलं.

"नाही ना मामा," गोदू काकुळतीने म्हणाला, "आमचे शेठ तसले नाहीत."